पोरांच्या फीसाठी जमीन लिहून देऊ नका!

साथींनो,

बारावीचा निकाल लागला की आपल्या पाड्यांवर दोन माणसं फिरायला लागतात. एक ॲडमिशन करून देणारा, दुसरा पैसे देणारा. पहिला म्हणतो, जागा आहे, आजच्या आज पैसे भरा. दुसरा म्हणतो, घ्या पैसे, जमिनीचा कागद तेवढा माझ्याकडं राहू द्या. दोघांचं आतून एक असतं.

आमचा सवाल आहे, आदिवासीच्या पोरानं फी भरायचीच कशाला? घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी येते, निर्वाह भत्ताही येतो. पात्र पोराकडून प्रवेशावेळी फी घेऊ नका, असं शासनानं कॉलेजांना बजावलेलं आहे. तरी कॉलेजं मागतात आणि आपण देतो. का? तर शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. सरकार उशीर करतं आणि त्या उशिराचं व्याज आपण सावकाराला भरतो. द्राक्षबागेत राबून आणलेली मजुरी अशीच जाते.

दलालाची जागा बहुतेक वेळा व्यवस्थापन कोट्यातली असते. तिला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून व्यावसायिक कोर्सला प्रवेश सरकारी कॅप राउंडमधूनच घ्या. जातपडताळणी अकरावीपासूनच मागे लागून करून घ्या. वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६ पासूनची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. जेवणाखाण्याला, राहण्याला पैसे मिळतात. अर्ज भरा, पोच घ्या, पोच जपून ठेवा.

एवढं करूनही कर्ज लागलंच तर बँकेत जा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. साहेब म्हणाला ‘वनपट्टा चालत नाही, सातबारा आणा’, तर सांगा, नकार लेखी द्या. पण कर्ज ते कर्जच. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. नोकरी लागो न लागो, फेडावं लागतं.

जमिनीचं तर पक्कं ध्यानात ठेवा. वनहक्क कायद्याचा पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. सातबाऱ्याची जमीनसुद्धा परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडं गहाण टाकता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आहे. म्हणजे सावकारानं लिहून घेतलेला कागद कायद्यात टिकत नाही. त्याला भिऊ नका, आणि नवा कागद करून देऊ नका.

मार्च २०१८ मध्ये आपण जमिनीसाठी नाशिकहून मुंबईला चालत गेलो. त्याच जुलैत आपली पोरं वसतिगृहाच्या जेवणासाठी पुण्याहून नाशिककडं चालत निघाली. बापाची लढाई वेगळी आणि पोराची वेगळी, असं आम्ही मानत नाही. फी थकली की जमीन जाते, जमीन गेली की धाकट्याची शाळा सुटते.

आमच्या मागण्या :
१) शिष्यवृत्ती प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला जमा करा.
२) पात्र पोरांकडून फी घेणाऱ्या कॉलेजांवर कारवाई करा, घेतलेली फी परत द्या.
३) मागेल त्याला वसतिगृह द्या.

कोणाकडून फी घेतली असेल, कोणाचा कागद सावकाराकडं असेल, त्यांनी पावती घेऊन गावच्या कमिटीकडं यावं. ग्रामसभेत ठराव करा. एकट्यानं कचेरीत जाऊ नका, सगळे मिळून जाऊ.