कार्डावरचा चुकीचा दंड: सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरही पैसे परत मागता येतात

20 डिसेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने क्रेडिट कार्डाच्या व्याजाबाबत निकाल दिला आणि ‘आता बँका हवं तेवढं घेणार, दाद मागायची सोय उरली नाही’ असा समज पसरला. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या आपल्या पट्ट्यात तो जरा जास्तच पक्का बसलेला दिसतो. कारण निकालाची बातमी सगळ्यांनी वाचली, निकाल नेमका कशावर होता ते फार थोड्यांनी.

वाद जुना होता. ‘आवाज’ नावाच्या संस्थेच्या तक्रारीवर 7 जुलै 2008 रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ठरवलं होतं की थकलेल्या कार्डबिलावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका वर गेल्या. सोळा वर्षांनी सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. व्याजदराची कमाल मर्यादा ठरवणं हे आयोगाचं काम नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असं त्याचं सार. म्हणजे ‘दर फार जास्त आहे’ एवढ्यावर भांडणाऱ्याचा रस्ता अवघड झाला, हे खरं. पण ‘नियमात न बसणारा दंड लावला’ ही तक्रार वेगळी आहे, आणि तिला या निकालाने हात लावलेला नाही. उलट विषय रिझर्व्ह बँकेचा म्हटल्यावर तिचे लिखित नियमच आपल्या कामाचे. (ब्रिटनमध्ये 2006 साली तिथल्या व्यापार नियामकाने कार्डावरचा 12 पौंडांवरचा दंड अन्यायकारक मानला जाईल असं सांगितलं आणि लोकांनी जुना दंड परत मागायला सुरुवात केली. आपल्याकडे असा आकडा ठरवून दिलेला नाही. आपली लढाई दंड किती यापेक्षा तो कसा लावला, यावर होते.)

आपल्या किनाऱ्यावर दंड बहुतेक वेळा उधळपट्टीने लागत नाही. घरातला कमावता माणूस कुवेत, दुबई किंवा सौदीत. कार्ड सुट्टीवर असताना घेतलेलं, मोबाइल नंबर इथला. सिम रिचार्ज नाही म्हणून बंद पडतं, मेसेज जात नाहीत, ओटीपी येत नाही, आणि कार्ड न वापरताही वार्षिक फी लागते. ती भरली नाही म्हणून लेट फी, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, मग व्याज. दोन वर्षांनी भाईजान घरकर्जासाठी बँकेत जातात तेव्हा कळतं की काही हजारांच्या थकबाकीने सिबिल खराब झालंय.

आता नियम बघा. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 रोजी कार्डांबाबत निर्देश काढले, ते त्याच वर्षी 1 जुलैपासून लागू झाले. न मागता कार्ड दिलं आणि बिल लावलं, तर ते बिल रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची. कार्ड दिल्यावर 30 दिवसांत चालू केलं नाही, तर ओटीपीने संमती विचारायची, आणि संमती मिळाली नाही तर कुठलाही खर्च न लावता खातं बंद करायचं. वर्षभर न वापरलेलं कार्डही ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. वर सांगितलेल्या दुबईवाल्याचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

लेट फीचंही तसंच. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच ती लावता येते. तारीख 5 असेल आणि पैसे 8 ला पोहोचले, तर लेट फी नाही. 9 ला पोहोचले तर मात्र मोजणी 5 पासून होते. ती लावायची तर देय तारखेनंतर बाकी राहिलेल्या रकमेवर, मूळ पूर्ण बिलावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: न भरलेली फी, दंड, कर हे मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवायचं नाही. स्टेटमेंट काढून हे एकदा स्वतः तपासा. मात्र गल्लत करू नका. खरेदीच्या बाकीवरचं व्याज हा वेगळा भाग आहे, तीन दिवसांची सवलत त्याला लागू नाही.

कार्ड बंद करा म्हटल्यावर, थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. ‘पोस्टानेच अर्ज पाठवा’ असा हट्टही बँकेला धरता येत नाही. परदेशातून ईमेल पुरतो.

पैसे खरोखर परत मिळतात का, असं विचारणाऱ्यांना 2020 आठवत असेल. कोरोनामुळे मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत होती, आणि मध्येच 3 जूनला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-म्हसळ्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. फोनच चालत नव्हता तर बिल कोण भरणार! त्या सहा महिन्यांच्या व्याजावरच्या व्याजाची रक्कम केंद्र सरकारच्या योजनेतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना परत मिळाली, आणि त्या यादीत क्रेडिट कार्डाची थकबाकीही होती. 23 मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टाने पुढे जाऊन सांगितलं की त्या काळातलं चक्रवाढ किंवा दंडव्याज कुणाकडूनच घ्यायचं नाही, घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा. तेव्हा हे लोकांनी कोर्टात जाऊन मागितलं म्हणून मिळालं.

आपल्यात मागणारे कमी का, यावर स्पष्ट बोलायला हवं. व्याजाशी संबंध आला याचीच अनेकांना शरम वाटते. बिल वेळेवर पूर्ण भरून कार्ड वापरणारे खूप आहेत, पण एकदा चुकलं की ‘गुपचूप भर आणि मोकळा हो’ असा घरातला सल्ला. मशिदीबाहेर, नाक्यावर हा विषय कुणी काढत नाही. चुकीने कापलेला पैसा परत मागणं म्हणजे व्याज घेणं नव्हे, तो आपलाच पैसा आहे. गप्प बसल्याने बँकेचंच काम सोपं होतं.

करायचं काय? कॉल सेंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथलं बोलणं आपल्या हातात राहत नाही. बँकेच्या तक्रार विभागाला लेखी ईमेल करा: कार्डाचे शेवटचे चार आकडे, कोणत्या महिन्यात काय लागलं, कोणत्या नियमात बसत नाही, आणि रक्कम जीएसटीसकट परत हवी. तक्रार क्रमांक जपून ठेवा. वादातल्या बिलाचा खुलासा 30 दिवसांत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिला फी नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. या पायरीला फार वेळ लावू नका, मुदत असते. आणि वाद चालू असताना कबूल असलेली रक्कम भरत राहा, नाहीतर खऱ्या थकबाकीचं मीटर चालूच राहतं.

शेवटचा रस्ता अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बोर्ली पंचतनहून दिघीची जेट्टी ओलांडून जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हे कबूल. पण अर्ज ऑनलाइनही दाखल होतो.