विम्याची रक्कम आणि अजाण वारस

पुण्यातील शिक्षक किंवा कारकून नोकरीत कायम झाला की लवकरच आयुर्विम्याचे विमापत्र घेतो. हप्ता परस्पर पगारातून कापला जातो. अर्जातील नामनिर्देशनाच्या रकान्यात अविवाहित तरुण साहजिकच आईचे नाव लिहितो. पुढे विवाह होतो, मुले होतात. रकाना मात्र तसाच राहतो. असा विमेदार अकाली निवर्तला तर त्या रकमेवर त्याच्या मुलांचा हक्क काय, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. वस्तुतः त्याचे निःसंदिग्ध उत्तर आजही कायद्याच्या शब्दांत सापडत नाही.

१९३८ च्या विमा अधिनियमातील कलम ३९ नामनिर्देशनासंबंधी आहे. नामनिर्देशित व्यक्ती रकमेची मालक होते की ती केवळ स्वीकारते, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मिटविले. नामनिर्देशिताने पैसे स्वीकारावेत; त्यांवर हक्क मात्र वारसांचा, असा तो निर्णय होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सारेच पहिल्या वर्गाचे वारस होत. म्हणजे मृत्युपत्र नसेल तर, अर्जात नाव कोणाचेही असो, मुलांचा वाटा अबाधित राहत होता.

२०१५ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांपैकी ज्याचे नामनिर्देशन असेल तो त्या रकमेचा लाभाधिकारी ठरेल, असे शब्द कलमात आले. जवळच्या माणसाला तंट्याविना पैसे मिळावेत हे योग्यच. परंतु या शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर जुन्या अर्जात केवळ आजीचे नाव राहिलेली मुले सर्वस्वी वंचित होतात. २०२५ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे असेच प्रकरण आले. ही दुरुस्ती वारसाहक्काच्या कायद्यावर मात करीत नाही, असे सांगून न्यायालयाने आई, पत्नी व मूल यांना प्रत्येकी एक-तृतीयांश वाटा दिला. तो निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर मात्र बंधनकारक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, असे म्हटले, परंतु तेथे प्रश्न कंपनी कायद्याचा होता, विम्याचा नव्हता.

या वादात वृद्ध आईला दोषी धरणे अन्यायाचे होईल. मुलाच्या कमाईवर तिचेही पोट अवलंबून असते. परंतु अजाण मूल कचेरीत जाऊ शकत नाही, वकील देऊ शकत नाही. करोनाच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. शासनाची मदत मुलाच्या नावे जमा व्हावी आणि पित्याने पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांची रक्कम एका विसरलेल्या रकान्यामुळे त्याला दुरावावी, ही विसंगती संसदेनेच दूर केली पाहिजे. नामनिर्देशिताच्या लाभातून विमेदाराच्या अज्ञान मुलांचा वाटा वगळला जाणार नाही, एवढे एक वाक्य कलमात पुरेसे आहे.

१८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयक अधिनियमात एक सुरक्षित मार्ग आहे. विवाहित पुरुषाने पत्नी व मुलांच्या हितार्थ, तसे विमापत्रावर नमूद करून, विमा उतरविला तर ती रक्कम विश्वस्त निधी मानली जाते. सामान्यतः धनकोही तिला हात लावू शकत नाहीत. परंतु कलम ६ ची ही सोय पुरुषाच्याच विमापत्रापुरती आहे. शेकडो शिक्षिका ज्या शहरात घर चालवितात, तेथे मातेच्या विम्याला हे संरक्षण नसावे, याचे समर्थन करता येणार नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. विवाहानंतर व प्रत्येक अपत्याच्या जन्मानंतर नामनिर्देशन बदलता येते, एकाहून अधिक नावे देता येतात आणि अज्ञान मुलासाठी रक्कम स्वीकारणारी प्रौढ व्यक्तीही नेमता येते. दरमहा हप्ता कापणाऱ्या शाळांनी व कचेऱ्यांनी वर्षातून एकदा प्रत्येक कर्मचाऱ्याला त्या रकान्याची आठवण करून द्यावी. त्याला खर्च नाही; आणि त्यामुळे अनेक मुलांचे शिक्षण मध्येच थांबण्याचे टळेल.