बारा मृतांची नावं

सायन, किंग्ज सर्कलच्या पट्ट्यात वाढलेल्या आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसांकडून ‘पत्थरमार’ची, म्हणजे फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी दगडाने ठेचणाऱ्या खुन्याची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. तो तांत्रिक होता, नरबळी देत होता. पोलिसातलाच कुणीतरी होता. मुंबईत गळ्याशी आलं तेव्हा कलकत्त्याला पसार झाला. या शेवटच्या भागाला निमित्त आहे : 1989 च्या जूनपासून सहा महिन्यांत कलकत्त्यात तशाच पद्धतीने तेरा खून झाले. तिथल्या इंग्रजी वृत्तपत्रांनी खुन्याला ‘स्टोनमॅन’ म्हटलं आणि ते नाव मुंबईच्या खुन्यालाही चिकटलं. दोन्हीकडचा खुनी एकच होता, याला पुरावा नाही. गुन्हे दोन्ही शहरांत न उलगडलेलेच राहिले.

मुंबईत हे सुरू झालं 1985 मध्ये. साधारण दोन वर्षांत बारा जण गेले. सगळे फुटपाथवर, आडोशाला एकटे झोपलेले. डोक्यात दगड, कधी तर तीस किलोपर्यंत वजनाचा. पाच-सहा बळी जाईपर्यंत हे एकाच हाताचं काम असावं, हे पोलिसांच्या ध्यानात आलं नाही. हेच मलबार हिलला घडलं असतं तर दुसऱ्याच खुनाला आयुक्त स्वतः घटनास्थळी उभे राहिले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खुनाचा तपास मयतापासून सुरू होतो. हा कोण, कुठला, कुणाशी वाकडं होतं, शेवटचा कुणाबरोबर दिसला? इथे पहिल्याच प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नव्हतं. अनोळखी इसम, वय अंदाजे अमुक. ओळख पटवायला नातेवाईक नाही, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारा भाऊ नाही. हत्यारही असं, की ते कुठून आणलं हे विचारण्यात अर्थ नाही. रस्त्याकडेला पडलेला दगड साऱ्या शहराचा. एक जण मात्र वाचला. हॉटेलात वेटरचं काम करणारा, रात्री सायनला उघड्यावर झोपणारा माणूस. हल्ला होताच तो निसटला. हल्लेखोर त्याच्या अगदी जवळ होता, पण तिथे उजेड इतका कमी होता की त्याला चेहरा सांगता आला नाही. या प्रकरणातला एकुलता एक जिवंत साक्षीदार रस्त्यावरच्या अपुऱ्या दिव्यामुळे वाया गेला.

त्याच 1985 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या घटनापीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. आणि रीतसर नोटीस देऊन फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवासीयांची गणना प्रसिद्ध केली, तिचं शीर्षक होतं ‘वी, द इन्व्हिजिबल’. म्हणजे ही माणसं न्यायालयाला दिसत होती, कार्यकर्त्यांना दिसत होती. दिसली नाहीत ती पोलिसांना.

दंतकथेने खुन्याला नाव दिलं, हेतू दिला, पळून जायला दुसरं शहर दिलं. 2009 मध्ये मनीष गुप्ता यांचा ‘द स्टोनमॅन मर्डर्स’ हा चित्रपट आला. पोलीस दप्तरात नसलेला शेवट पडद्यावर मिळाला. अशा गोष्टी लोक रचतात याचा मला राग नाही, भीतीला कुठेतरी वाट हवी असतेच. राग येतो तो या गोष्टीत बळींना एकही ओळ मिळत नाही याचा. एवढ्या वर्षांत यातल्या एकाही मृताचं गाव कोणतं, हे सांगणारा मला भेटलेला नाही.

आजही उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे एक रात्रनिवारा हवा, हा दंडक कागदावर आहे. 2011 च्या जनगणनेतल्या सव्वा कोट मुंबईला तो लावला तर सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. आहेत ते त्याच्या जवळपासही नाहीत. महापालिकेला याचा जाब दर अर्थसंकल्पात विचारला पाहिजे. आणि मुंबई पोलिसांकडे माझी मागणी आहे : त्या बारा मृतांची वर्णनं, छायाचित्रं, सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी जिथे शिल्लक असतील तिथून काढून जाहीर करा. मुंबईला गेलेला मुलगा परत का आला नाही, हे न कळलेली घरं कोकणात असतील, उत्तर प्रदेशात असतील. त्यांना ओळख पटवायची एक संधी तरी मिळू दे.