लपवलेली गोळी

फ्लुओक्सेटीनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. नैराश्य, मंत्रचळ, भीतीचे झटके अशा तक्रारींवर आज ते सर्रास दिले जाते. गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, पण या औषधाने असंख्य माणसांना पुन्हा कामाला, घराला, माणसांत आणले आहे. काळजी वाटते ती औषधाची नव्हे, आपल्याकडे ते ज्या गुपचूपपणे घेतले जाते त्याची.

रक्तदाबाची गोळी आपण चारचौघांत घेतो. ‘डोक्याची गोळी’ मात्र कपाटाच्या आतल्या कप्प्यात जाते. दुसरे डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ शेजारी सासू किंवा भाऊ बसलेला असतो. उत्तर येते, ‘नाही.’

या उत्तरावर विसंबून पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल लिहिले जाते. फ्लुओक्सेटीन मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण अडवते आणि ट्रॅमाडॉलही तेच करते. शिवाय दोन्ही मिळून फिट येण्याचा धोका वाढतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात लिनेझोलिड देतात. ते सेरोटोनिन मोडणाऱ्या एन्झाइमलाच रोखते. अशा जोड्यांतून सेरोटोनिन सिंड्रोम उद्भवू शकतो. बेचैनी, घाम, थरथर, जुलाब, धडधड होते, ताप चढतो, स्नायू ताठरतात. तीव्र झाला तर प्राणावर बेतते. आणि गोळीचा पत्ताच नसलेला डॉक्टर हा ताप संसर्गाचा समजला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

मेडिकलमधून सहज आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनचीही गोष्ट वेगळी नाही. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांनाही सेरोटोनिन लागते. त्यामुळे या गोळ्या फ्लुओक्सेटीनसोबत घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर घात निमूटपणे होऊ शकतो. यकृतातले जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनला प्रभावी रूप देते, त्यालाच फ्लुओक्सेटीन जखडून ठेवते. बाहेरून काहीच दिसत नाही. खरे तर अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ दुसरे औषध निवडू शकतात, पण त्यासाठी दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर यायला हव्यात.

‘मागच्या आठवड्यातच बंद केली’ हेही पुरेसे नाही. फ्लुओक्सेटीनपासून शरीरात तयार होणारे नॉरफ्लुओक्सेटीन कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणूनच ते थांबवल्यावर एमएओ-रोधक गटातले, म्हणजे सेरोटोनिन मोडणारे एन्झाइम रोखणारे, औषध सुरू करण्यापूर्वी किमान पाच आठवडे जाऊ द्यावे लागतात.

हे वाचून गोळी मनाने बंद करू नका, आजार उलटतो. तिचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. घरच्यांसमोर बोलणे जड जात असेल, तर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. आणि डॉक्टरांना विनंती आहे की हा प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारा.