पकड कोणाची? कोपऱ्याची की मध्यरक्षकाची?

रत्नागिरीकडे भातकापणी आटोपली की गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. मी पाहिलेल्या बहुतेक स्पर्धांत 'उत्कृष्ट पकड'चे बक्षीस कोपरारक्षकालाच मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, माझा आक्षेप त्या खेळाडूंवर नाही, निवडीच्या रीतीवर आहे. ही निवड नुसत्या पकडी मोजून होते.

थोडे गणित करू. पुरुषांच्या मैदानाची लांबी १३ मीटर, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापलीकडे १ मीटरवर बोनस रेषा. समजा, चढाईपटू बोनस रेषेवर गेला आणि कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला. तो मध्यरेषेपासून ४.७५ मीटरवर आहे. आडवे पडून हात लांबवला तर त्याची बोटे पावलांपासून सुमारे २ मीटर पोहोचतात. तरीही पावणेतीन मीटर अंतर त्याला स्वतःला ओढत कापावे लागेल. तेवढ्यात उरलेले सहाजण त्याच्यावर येऊन पडतात!

आता तोच चढाईपटू घोटा सोडवून परतताना ३ मीटरवर आला आणि मध्यरक्षक त्याला आडवा गेला, असे समजा. आता कापायचे अंतर उरले अवघे १ मीटर. शिवाय चढाईपटू धावतो आहे, त्याचा सारा संवेग मध्यरेषेकडे आहे. कोपऱ्याची पकड सुटली तर मध्यरक्षक पुढे आहे. मध्यरक्षकाची सुटली तर पुढे कोणीच नाही, आणि ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला ते सगळे बाद.

आणखी एक गोष्ट वहीत कधी येत नाही. मध्यरक्षकाने परतीची वाट बंद केली म्हणून चढाईपटू क्षणभर थबकतो आणि कोपऱ्याला घोटा सापडतो. गुण मात्र कोपऱ्याच्या नावावर! उलट, एखाद्या कोपऱ्याचा धाक इतका की चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. त्याच्या पकडी कमी दिसतात. इराणचा फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यातून खेळतो. त्याच्यासारख्याचे मोल नुसत्या पकडींवरून कसे कळणार?

अमेरिकेच्या बेसबॉलमध्येही असाच पेच आहे. तिथे इतर क्षेत्ररक्षक चेंडू अडवून पहिल्या बेसवरच्या खेळाडूकडे फेकतात, म्हणून बाद करणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वर असते. पण दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला 'शॉर्टस्टॉप' अधिक मोलाचा मानतात. याची एक साधी कसोटी आहे. शॉर्टस्टॉपला पहिल्या बेसवर उभे केले तर तो बहुधा निभावून नेतो. उलट अदलाबदल क्वचितच जमते.

ही कसोटी आपल्याकडे सरावात लावायला काय हरकत आहे? शिक्षकांना माझी विनंती आहे की शाळेचा संघ निवडताना केवळ पकडींचा आकडा पाहून एखाद्या मध्यरक्षकाला वगळू नका. मध्यरेषेपासून दर मीटरवर फक्कीची पुसट रेघ मारा. राखीव मुलांपैकी एकाच्या हाती वही द्या. प्रत्येक चढाईला त्याने चारच गोष्टी लिहायच्या: चढाईपटू कोणत्या बाजूने आत गेला, त्याला प्रथम कोणी अडवले, शेवटी कोणी रोखले आणि तेव्हा मध्यरेषा किती मीटरवर होती. सात-आठ सामन्यांच्या नोंदी जमल्या की मग संघ निवडायला बसा.