मासेघराला कुलूप, आपलं काय अडलं?

मैत्रिणींनो, मुंबईच्या मत्स्यालयावर लिहिणार आहे म्हटल्यावर आमच्या घरात हशाच पिकला. "उन्हाळ्यात कयाधूत पाणी दिसत नाही आणि ही बाई समुद्राची काळजी करतेय!" गंमत करणाऱ्यांचंही खरंच आहे म्हणा. हिंगोलीहून समुद्र पाहायचा तर सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरीही लिहितेय, कारण एका मावशीचा प्रश्न मनातून जात नाही.

२०१७ ची गोष्ट. बचत गटांच्या प्रदर्शनासाठी आम्ही दहा-अकरा जणी परभणीहून देवगिरी पकडून मुंबईला गेलो होतो. पापड, हळद, शेवया बऱ्यापैकी खपल्या. परतायच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा मिळाला आणि बायांनी समुद्राचा हट्ट धरला. मरीन ड्राइव्हवर चालत चालत तारापोरवाला मत्स्यालयाशी पोचलो आणि तिकिटं काढून आत शिरलो. तिथे एक काचेचा बोगदा होता. डोक्यावरून मासे जायला लागले तशा आमच्या बाया पदर तोंडाशी धरून उभ्याच राहिल्या. एरवी गावच्या सभेत एकीचा आवाज दुसरीला ऐकू येत नाही, तिथे सगळ्या गप्प!

आमच्यात कळमनुरी तालुक्यातल्या एक मावशी होत्या. भोई समाजाच्या. घरातली माणसं इसापूर धरणावर मासे धरतात, मावशी आठवडी बाजारात विकतात. त्या एका काचेपुढून हलेचनात. मला म्हणाल्या, "ताई, ह्ये मासे अंडी कवा देत्यात?"

मला कुठलं माहीत! मी बी.ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. पाट्यांवरची नावं वाचून दाखवत होते, तेवढीच माझी विद्या. गर्दीही मागून ढकलत होती. "विचारून सांगते," म्हटलं आणि पुढे सरकलो.

घरी आल्यावर विचारलं, वाचलं. पावसाळ्याचे दिवस हा आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच माशांचा विणीचा काळ. म्हणून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, हे दुसरं कारण. मावशींना हे सांगितलं तर त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे समुद्राची माणसं थांबत्यात. अन् आमची पोरं पहिल्या पुराला वढ्यातून वर चढणारे अंड्याचेच मासे धरत्यात की!"

एका तिकिटात एवढं झालं. कुणी भाषण दिलं नव्हतं, की पत्रक वाटलं नव्हतं. मत्स्यालय कशासाठी असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. त्या काळी आठ लाख रुपये खर्च आला होता. त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूर घराण्याने दिले, म्हणून हे नाव. चालवणारं खातं राज्य सरकारचं, मत्स्यव्यवसाय विभाग. म्हणजे ते एकट्या मुंबईचं नाही, आपलंही आहे. दुरुस्ती करून, बोगदा वगैरे बांधून २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं. २०२० मध्ये टाळेबंदीत दारं बंद झाली. पुढे इमारतच धोकादायक ठरली आणि कुलूप तसंच राहिलं. नव्या इमारतीच्या योजना जाहीर होत राहिल्या. त्या वर्षी पाचवीत असलेलं पोर दहावीला गेलं! आणि गंमत बघा, २०२४ पासून हिंगोलीहून थेट मुंबईला जनशताब्दी सुरू झाली. गाडी आली, तर मासेघराला कुलूप.

"बंद आहे तर आपलं काय अडलं?" असं एक बाई मला म्हणाल्या. प्रश्न रास्त आहे. हंड्यासाठी वणवण करणाऱ्या बाईला माशांचं काय सांगायचं?

पण आपली कयाधू जाते कुठे? पैनगंगेत. पैनगंगा वर्धेत, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत. इकडे पूर्णाही गोदावरीलाच मिळते. ही गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला, जिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या मुखाजवळ, आंध्रात, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. तिथल्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. गणपतीनंतर नदीकाठी जे पडलेलं असतं ते आठवा. निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोलची मखरं, लग्नातल्या पत्रावळ्या. पहिल्या पुराला सगळं "गेलं एकदाचं" म्हणून आपण सुटतो. ते जातं कुठे, हे आपल्या पोरांना कुणी दाखवलंय का?

समुद्रही आपल्याकडे येतच असतो. आठवडी बाजारात सुकट, बोंबील, जवळा घेताना आपण समुद्रच घरी आणतो. २०२३ मध्ये सरकारने पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर केला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटची लांबी साडेतेरा सेंटिमीटर. एक वीतसुद्धा नाही! त्याहून लहान पापलेट म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू, हे घेणाऱ्या बाईला ठाऊक असलं तर ती घेईल का? नुसत्या कायद्याने हे होत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमुशी या अजस्र माशाची तेलासाठी शिकार व्हायची. २००१ मध्ये कायद्याने बंदी आली. पण लोकांच्या मनात उतरलं ते मोरारी बापूंनी सांगितल्यावर. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, असं ते म्हणाले. माहेरी आलेल्या लेकीवर कोण हात उचलेल! पुढे जाळ्यात सापडलेली देवमुशी सोडून देण्यासाठी कोळी स्वतःची जाळी कापायला लागले.

माझं म्हणणं एवढंच, की नवं मत्स्यालय बांधाल तेव्हा ते नुसतं रंगीत मासे दाखवायचं दुकान करू नका. परदेशी मासे, सेल्फीचा कोपरा आणि बाहेर आइस्क्रीम, एवढ्यासाठी मुक्या जिवाला काचेत कोंडायचं असेल तर नकोच ते. एका खोलीत गोदावरी दाखवा, मरळ आणि वाम दाखवा, नकाशावर हिंगोली दाखवा. मावशीसारखीने प्रश्न विचारला तर उत्तर देणारं माणूस तिथे उभं ठेवा, मराठी बोलणारं. मासे सांभाळणाऱ्या कोळणींनाच ते काम दिलं तर फारच छान.

तोवर शाळांच्या सहली रत्नागिरीच्या मत्स्यालयात नेता येतील. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं ते आहे, आणि तिथे देवमाशाचा प्रचंड सांगाडाही आहे. त्याच जिल्ह्यात वेळास गाव आहे. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखायचं काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन केलं. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येतात आणि त्यांच्या जेवणाखाण्याचं तिथल्या बाया बघतात. बचत गटाच्या मैत्रिणींनी हे मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे.

मत्स्यव्यवसाय विभागाला पाठवायचा अर्ज मी कच्चा लिहून ठेवलाय. गेल्या बैठकीत वाचून दाखवला. पहिली सही आपलीच असं मावशींनी बजावलंय. सही शिकून त्यांना दोनच वर्षं झालीत. "मागच्यासारखा गळका पेन आणू नका," एवढंच म्हणाल्या.