जुन्या मारुतीचे पेट्रोल पाइप कोणी बदलायचे?

पेट्रोलच्या पाइपला घरी हात लावायचा नाही, ते मेकॅनिकचं काम, असं जुन्या गाडीच्या मालकाला बजावणारे शेजारी, मेहुणे आणि कधीकधी खुद्द मेकॅनिकही भेटतात. इंजेक्शनच्या गाडीला हा सल्ला चोख लागू पडतो. कार्ब्युरेटरच्या मारुती 800ला किंवा प्रीमियर पद्मिनीला मात्र त्याचा उलटाच परिणाम होतो. ‘कधीतरी दाखवून घेऊ’ म्हणून ठेवलेलं काम होतच नाही, आणि धोका बॉनेटखाली तसाच राहतो.

वयाचा हिशेब आधी पाहावा. मारुती 800 रस्त्यावर आली डिसेंबर 1983मध्ये. तिचं कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, आलं ते 2000च्या सुमारास. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनीही त्याच सुमारास थांबली. म्हणजे यातली तरुणातली तरुण गाडीसुद्धा आज पंचविशीच्या घरात आहे. टाकीपासून पुढे येणारी मुख्य नळी धातूची असते, पण टाकीच्या तोंडाशी, पंपाशी, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना आणि कार्ब्युरेटरपाशी रबरी तुकडे असतात. इंजिनाच्या उष्णतेनं हे रबर बाहेरून कडक होतं आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं आतून पेट्रोल ओढून घेतं. वरून काळाकुळकुळीत दिसणारा पाइप आतून भुगा सोडत असतो. तो भुगा जेटमध्ये अडकला की गाडी चढावर गचके देते आणि मालक पुन्हा पुन्हा कार्ब्युरेटर साफ करून घेत बसतो. ‘पाइप दिसायला ठीक आहे’ या वाक्याला म्हणूनच फारशी किंमत नाही.

यात आता पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची भर पडली आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्यातून आधार मिळाला हे खरं. पण या गाड्यांचं रबर 20 टक्के इथेनॉल डोळ्यापुढे ठेवून बनलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. ई20मुळे जुन्या गाड्या पेटणार, असं एक बाजू म्हणते. दुसरीच्या मते काहीच होत नाही. दोघांचंही म्हणणं अतिरेकी आहे. पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट 2025मध्ये सांगितलं, की काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतं, असंही मंत्रालयाचं म्हणणं. यातलं पहिलं विधान मान्य. दुसरं कागदावरच खरं आहे. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पाहिले जातात. गळती दिसल्याशिवाय किंवा मालकानं सांगितल्याशिवाय पेट्रोलच्या नळ्या सहसा कोणी बदलत नाही. शिवाय वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या हौशी गाडीला 20 हजार गाठायला दहा वर्षं लागतील. उभ्या गाडीतलं रबरही तेवढ्या काळात म्हातारं होतंच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021पासून ई10 हे सर्वसाधारण पेट्रोल झालं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ‘सुपर’ प्रकारात ई5 राखून ठेवलं गेलं. आपल्या बहुतेक पंपांवर अशी निवड नाही. इंधन निवडता येत नसेल, तर पाइप तरी निवडावा.

‘पण मेकॅनिकचा हात सरावलेला असतो ना?’ असतो, यात शंकाच नाही. मात्र गर्दीच्या गॅरेजमध्ये गळणारा तेवढा तुकडा बदलला जातो आणि त्याच वयाचे बाकीचे तुकडे राहून जातात. नवा तुकडा ज्या गुंडाळीतून कापला, ती कशाची, हे विचारण्याची पद्धत नाही. मालकाकडे कसब कमी असलं तरी सवड असते, आणि या कामात सवडीलाच जास्त महत्त्व आहे.

खरा आक्षेप आगीचा. तो झटकून टाकता येत नाही. पेट्रोल उणे 40 अंशांनाही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि जमिनीलगत पसरत जाते. त्यामुळे सोसायटीचं तळघरातलं पार्किंग बाद, बंद गॅरेज बाद, जवळपास गीझर किंवा शेगडी असेल तर अंगणही बाद. पण हाच आक्षेप जुन्या पाइपलाही लागू होतो, हे आक्षेप घेणारे विसरतात. मागे इंजिन असलेल्या जुन्या फोक्सवॅगन बीटलला आग लागण्याचं जगभर कुप्रसिद्ध झालेलं कारण म्हणजे कापडी वेष्टनाची कुजलेली पेट्रोल नळी. कुजकी नळी तापलेल्या इंजिनावर ठिबकणं आणि तीच नळी थंड इंजिनावर, उघड्या हवेत बदलणं, यांत धोकादायक काय?

टाकी जवळजवळ रिकामी असताना, इंजिन थंड असताना काम काढावं. पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करावी, टाकीचं झाकण उघडून दाब जाऊ द्यावा. गाडीखाली शिरायचं तर केवळ जॅकवर भरवसा न ठेवता घोडी लावावी. जुना पाइप ओढून काढण्याच्या फंदात पडू नये. पंपाचं तोंड वाकतं. ब्लेडनं उभा चिरला की तो सालीसारखा निघतो. एका वेळी एकच तुकडा काढून त्याच लांबीचा नवा बसवावा, म्हणजे येणारी आणि परत जाणारी नळी यांची अदलाबदल होत नाही. फिल्टरवरचा बाण पंपाच्या बाजूला की टाकीच्या, हे बसवण्याआधी पाहावं; पेट्रोल ज्या दिशेनं वाहतं तिकडेच तो हवा. क्लिप खाचा पाडलेल्या पट्टीची नको, गुळगुळीत पट्टीची घ्यावी. खाचांत रबर कापलं जातं. मग इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

इथे घरगुती कारागिरीचं कौतुक करणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. पाण्याचा पारदर्शक पाइप ‘आतलं पेट्रोल दिसतं’ म्हणून लावणारे महाभाग आहेत. तो काही महिन्यांत काचेसारखा कडक होऊन सांध्यावरून सुटतो. गंजलेली धातूची नळी मध्येच कापून रबर घालणं हा दुसरा प्रकार. तिथे नवी धातूची नळी वळवून बसवणं हे गॅरेजचंच काम. आणि एमपीएफआयच्या गाडीला घरी हात लावूच नये. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आत असतो. इंजेक्शनच्या नळीत तो अडीच-तीन बार असतो आणि इंजिन बंद केल्यावरही टिकून राहतो. तिथे सैल सांधा ठिबकत नाही, फवारा मारतो.

दुकानात गेल्यावर ‘पेट्रोल पाइप द्या’ एवढंच म्हणू नका. जुन्या तुकड्याचा आतला व्यास मोजून न्या आणि नव्या पाइपवर ‘एसएई जे30 आर9’ छापलेलं आहे का, ते वाचा. या प्रकारात आतला थर फ्लोरिनयुक्त रबराचा असतो आणि इथेनॉल तो साध्या नायट्राइल रबरापेक्षा कितीतरी चांगला सोसतो. छापील अक्षरं नसतील, तर दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी तो पाइप घेऊ नका.